सही कितीपर्यंतची?

तुझा मेसेज तीनदा वाचला. इनोव्हेशन स्पर्धेत पहिली आलीस, एमडींबरोबर फोटो निघाला, ट्रॉफी टीव्हीशेजारी जाऊन बसली. आणि आठ महिने झाले तरी तुझं सेन्सरचं खोकं लॅबच्या कपाटातून हललेलं नाही. आता विचारतेस, "काका, स्वतःचं काहीतरी काढू, की त्यांच्या नव्या इनोव्हेशन सेलमध्ये जाऊ?"

उत्तर नंतर. आधी हे सांग, तिथे कुणालाही न विचारता तुला किती रुपयांपर्यंतच्या खर्चावर सही करता येईल?

हसू नकोस. सेलमध्ये बीनबॅग आहेत, भिंतीवर मार्करने लिहिता येतं, शुक्रवारची दुपार मोकळी असते, हे सगळं तू हौसेने लिहिलंस. सहीबद्दल एक अक्षर नाही. अमेरिकेची थ्रीएम कंपनी १९४८ पासून आपल्या माणसांना स्वतःच्या कल्पनांसाठी पंधरा टक्के वेळ देते, तेव्हापासून जो तो वेळच वाटत सुटलाय. वेळ वाटायला काय जातं? शुक्रवारची दुपार मोकळी, पण चाळीस रुपयांच्या कनेक्टरसाठी पीआर, म्हणजे खरेदीचा मागणी-अर्ज, टाका आणि परचेसवाल्याच्या मागे फिरा!

त्याच थ्रीएमची त्याआधीची एक गोष्ट आहे. रिचर्ड ड्रू हा सँडपेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्यांकडे जायचा. दोन रंगांमधली रेघ नीट येत नाही म्हणून रंगारी शिव्या घालत होते. ह्याने त्यांच्यासाठी चिकटपट्टी करायची ठरवली. साहेबांनी, म्हणजे मॅकनाइटने, मशीनला पैसे नाकारले. ड्रूला शंभर डॉलरपर्यंत सही करता येत होती. पठ्ठ्याने नव्व्याण्णव-नव्व्याण्णव डॉलरच्या ऑर्डरी काढून मशीन उभं केलं, असं सांगतात. १९२५ साली मास्किंग टेप आली. लोक ह्यातली ड्रूची हुशारी सांगतात. मला ते शंभर डॉलर दिसतात.

का दिसतात, तेही ऐक. १९९७ साली भोसरीत एका कारखान्याचं मशीन शॉप मी बघायचो. एका हाउसिंगच्या आडव्या भोकात बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची बोचरी कड, राहायची आणि चार माणसं दिवसभर कानस घेऊन ती काढत बसायची. आमच्या एका ऑपरेटरने चहाच्या सुट्टीत कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून दिलं. जॉब उलटा धरायचा आणि स्प्रिंगवरचा कटर आतून फिरवायचा. खर्च अठरा हजार. मी रीतसर कॅपेक्सचा, म्हणजे भांडवली खर्चाचा, फॉर्म भरला. त्यावर सात सह्या लागायच्या. चौथ्या टेबलावरून शेरा आला, 'पेबॅक पीरियड नमूद करावा'. खर्च किती दिवसांत भरून निघेल तेही लिहिलं. सहाव्यावरून, 'तीन कोटेशन जोडावीत'. अरे, जी वस्तू बाजारात नाहीच तिची तीन कोटेशन कुठून आणू? अकरा महिन्यांनी मंजुरी आली. पळत त्याच्याकडे गेलो. जॉबवरची नजर न काढता तो म्हणाला, "कुठलं चित्र, साहेब?" त्यानंतर त्याने मला काही सुचवलं नाही.

मला तेव्हा पाचशे रुपयांपर्यंत सही होती.

तू म्हणशील, छोट्या सहीने असं काय होणार? कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसनने १९७५ साली डिजिटल कॅमेरा जोडलाच होता की. सुटे भाग पडलेले असतात तिथून उचललेली सुपर-एट मूव्ही कॅमेऱ्याची लेन्स, कॅसेट रेकॉर्डर, सोळा बॅटऱ्या. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे फिल्मच्या धंद्याला धक्का नको म्हणून त्या कामाला हवं तेवढं बळ मिळालं नाही, आणि २०१२ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. कबूल. मोठं दार वरच्यांनीच उघडावं लागतं. टाटा मोटर्सने ते उघडलं म्हणून गिरीश वाघांच्या टीमने इंडिकाच्या चार सिलिंडरवरून दोन सिलिंडरचं इंजिन काढलं आणि २००५ साली छोटा हत्ती रस्त्यावर आला. पण तुझी गोष्ट त्या दारापर्यंत पोचलेलीच नाही, ती कनेक्टरवर अडली आहे. म्हणून परत विचारतो, सही कितीची?

आता तुझे बाबा सांगायच्या आत मीच सांगतो. २००६ साली मी प्लँट हेड झालो तेव्हा प्रत्येक सुपरवायझरला महिना पाच हजारांची सही दिली. सहा महिन्यांत काढूनही घेतली. एकाने फीडरसाठी जुनी मोटर आणली, ती जळाली, बिल धड नव्हतं, आणि ऑडिटवाल्याने नेमकं तेच धरलं. त्याच तिमाहीत गिऱ्हाइकाने भाव पाडले होते, मार्च तोंडावर होता, वरून रोज फोन येत होते. मी तरी काय करणार होतो?

बरं, करता आलं असतं. साडेचार हजारांची तर मोटर होती. त्या पोराला पुढच्या महिन्यात दुसरी मोटर आणू द्यायला हवी होती. तुझे बाबा अजून दिवाळीला तो विषय काढतात आणि मी फराळाची बशी घेऊन बाल्कनीत जातो.

तर राजीनामा लिहून ठेवलायस, तो असू दे. पाठवू नकोस. सोमवारी त्या सेलच्या साहेबांना भेटशील तेव्हा पद आणि पगार बाजूला ठेव. कोण किती रुपयांपर्यंत सही करू शकतो याचा तक्ता मोठ्या कंपन्यांत असतो, तुमच्याकडे डीओए म्हणतात बहुतेक. तो माग. त्यात तुझ्या पदाची ओळ शोध आणि समोरचा आकडा बघ. पैसे बुडाले तर कुणाकडे खुलासा द्यायचा, तेही तोंडावर विचार.

आकडा नसेल तर रविवारी घरी ये. राजीनाम्याचं पत्र मी बघून देतो. तू फार चिडून लिहितेस.

— काका