सासूबाईंच्या अकरा गोळ्या

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. सासूबाई ७६ वर्षांच्या, रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासला जाताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला तीन आठवडे झाले, एक्सरे चांगलाय म्हणाले, पण फिजिओवाली येते तेव्हा ह्या पेंगत असतात आणि वॉकर धरून उभं केलं की डोळ्यापुढे अंधारी. बीपी, शुगर, पायाची सूज, अ‍ॅसिडिटी, झोप अशा आधीच्या सात गोळ्या होत्या, त्यात हॉस्पिटलने चार वाढवल्या. मिस्टर म्हणतात वय झालं, चालायचंच. झोपेची गोळी बंद करून बघू का?

उत्तर : मिस्टरांना सांगा, चालायचंच म्हणताय पण आई चालतच नाहीयेत ना! सगळं वयावर ढकलू नका. पाच किंवा त्याहून जास्त गोळ्या झाल्या की डॉक्टर लोक त्याला पॉलिफार्मसी म्हणतात, तुमच्याकडे तर अकरा आहेत.

मला सगळ्यात खटकली ती सुजेची गोळी. तुम्ही नावं लिहिली नाहीत, पण बीपीला अम्लोडिपिन चालू आहे का बघा. त्याने बऱ्याच जणांच्या पावलांना सूज येते, मग ती नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते, ती संध्याकाळी घेतली की रात्री दोनतीनदा उठायचं, त्यात झोपेच्या गोळीची गुंगी आणि ती लांबलचक गॅलरी... म्हणजे कदाचित एका गोळीच्या त्रासावर दुसरी दिली आणि त्यातून त्या पडल्या. तसंच असेल तर हाड जुळलं तरी पडायचं कारण डब्यात तसंच आहे.

झोपेची गोळी मात्र झटक्यात बंद करू नका हं. अल्प्राझोलामसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतलेली असली तर एकदम सोडल्यावर झोप पार उडते, जीव घाबरतो, क्वचित फिटही येते, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. दुखण्यावर ट्रॅमाडॉल दिलंय का तेही बघा, झोपेच्या गोळीबरोबर त्याने गुंगी आणखी वाढते, वर बद्धकोष्ठता. पण दुखतंय तर पाऊल कसं टाकणार, म्हणून बंद नाही, बदलून मागा. शेजारणीने दिलेली सर्दीची गोळीसुद्धा पेंग आणते, ती पण सांगा, लोक हे सांगतच नाहीत.

पेंगत असतील तेव्हा ग्लुकोमीटरने शुगर बघा, कारण जेवण अर्धं झालं आणि शुगरची गोळी तेवढीच राहिली तर शुगर खाली जाऊ शकते. बीपी आडवं असताना आणि उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लिहून ठेवा. रक्तातलं सोडियम आणि लघवीची तपासणीही करायला सांगा, म्हाताऱ्या माणसांत गुंगीमागे हेही निघतं. अचानक असंबद्ध बोलायला लागल्या किंवा उठवूनही उठेनात, तर मात्र थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

आता काम एकच. सगळी पाकिटं, चूर्णंबिर्णं धरून, एका पिशवीत भरा आणि या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरसमोर ओता. बीपीचा डॉक्टर वेगळा, हाडाचा वेगळा, अख्खी पिशवी एकत्र बघितलीय कोणी? प्रत्येक गोळी कशासाठी, अजून लागते का, विचारा. रक्त पातळ करायचं औषध दिलं असेल तर ते आपल्या मनाने सोडू नका, पायात गुठळी होऊ नये म्हणून असतं ते.

आणि तोवर रात्री पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. त्यांना अजिबात आवडणार नाही, तरी ठेवा.