सिमोन वेल कोण होत्या आणि मंत्री म्हणून त्यांनी काय केलं?

गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा फ्रान्सचा कायदा त्यांनीच आणला. १९७४ मध्ये जिस्कार राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी या न्यायाधीश बाईंना आरोग्यमंत्री केलं, मग नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळे पुरुषच बसलेल्या संसदेत त्या उभ्या राहिल्या, वाट्टेल ते ऐकून घेतलं, तरी २८४ विरुद्ध १८९ मतांनी विधेयक पास करून घेतलंच. आणि हे कोणी, तर सोळाव्या वर्षी आउशवित्झच्या नाझी छळछावणीत नेलेल्या, आई-वडील आणि भाऊ गमावलेल्या बाईने! तिथे हातावर ७८६५१ नंबर गोंदलेला, तोच पुढे फ्रेंच अकादमी या फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेच्या सदस्य झाल्यावर मिळणाऱ्या तलवारीवर कोरून घेतला. १९७९ ला युरोपियन पार्लमेंटच्या अध्यक्षही झाल्या. मला तरी त्यांच्याइतकं धाडस दुसऱ्या कुठल्या मंत्र्यात दिसलेलं नाही.