आवाज बंद केला, डिस्कचं काय?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सेंटओएस 7 (लिनक्सचा एक प्रकार) चा जुना सर्व्हर आहे. चार डिस्क, रेड 5 (चारही मिळून एकच, त्यातली एक गेली तरी माहिती टिकते), आणि ते सांभाळणारं एलएसआयचं मेगारेड 9260 कार्ड. मध्यंतरी मशीन सारखं टीं-टीं करू लागलं. हार्डवेअरवाल्या पोराने येऊन आवाज बंद केला, म्हणाला, आता काही नाही. तेव्हापासून दिवसअखेरीचं काम फार रेंगाळतं. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडमध्ये मात्र सगळं ठीक दिसतं. काळजी करू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : करा ताई, आणि आजच करा. ती टीं-टीं बहुधा डिस्क गेल्याची कार्डाची हाक होती; आवाज बंद केला म्हणून बिघाड जात नाही. आधी दुसऱ्या मशीनवर पूर्ण बॅकअप घ्या, मग पुढचं वाचा.

'डीएफ'ला बोल लावू नका. लिनक्सला तुमच्या चार डिस्क दिसतच नाहीत. कार्ड त्याच्यापुढे 'एसडीए' नावाची एकच डिस्क धरतं, आणि आत एक डिस्क मेली तरी ती एसडीए ठणठणीत दिसते. विचारायचं ते कार्डाला. मेगासीएलआय या कार्डाच्या प्रोग्रामची 'एलडीइन्फो' कमांड चालवा, ती रेडची अवस्था सांगते. 'स्टेट'पुढे 'ऑप्टिमल' हवं. 'डिग्रेडेड' असेल तर एक डिस्क गेलीय. आणखी एक गेली की सगळंच गेलं. मग त्याच प्रोग्रामच्या 'पीडीलिस्ट'मध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीत, उरलेल्या तिघींचे 'मीडिया एरर' बघा. रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभारताना, त्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि दुखरी डिस्क नेमकी तेव्हाच दगा देते. खराब डिस्क काढण्याआधी 'पीडीलोकेट'ने तिचा दिवा लुकलुकवून खात्री करा. घाईत शेजारची उपसणारे कमी नाहीत.

आता रेंगाळण्याचं. त्याच एलडीइन्फोत 'डिफॉल्ट कॅश पॉलिसी' आणि 'करंट कॅश पॉलिसी' अशा दोन ओळी आहेत. पहिलीत राइटबॅक आणि दुसरीत राइटथ्रू दिसलं, तर संशय कार्डाच्या बॅटरीवर. बॅटरी धड असेपर्यंत कार्ड नोंद आपल्या मेमरीत घेऊन लगेच 'झालं' म्हणतं. ती थकली की प्रत्येक नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं. बॅटरी नसतानाही राइटबॅक चालू ठेवायची सोय आहे, पोरगा तेही सुचवेल. पण मग वीज गेली की मेमरीतल्या नोंदीही गेल्या. ठेवीदारांच्या हिशेबावर हा जुगार नको, बॅटरी बदला.

रोजच्या नजरेसाठी स्मार्टडी हा डिस्कची तब्येत पाहणारा प्रोग्राम लावा, तो कार्डामार्फत एकेक डिस्क तपासतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक डिस्कची वेगळी ओळ लागते, 'मेगारेड' आणि पुढे क्रमांक. हा क्रमांक पीडीलिस्टमधल्या 'डिव्हाइस आयडी'चा. तो शून्यापासूनच सुरू होईल असं नाही. 'एम टेस्ट' घालून मेल खरंच पोचते का बघा. पण स्मार्टडीला डिस्कची तब्येत कळते, रेडची नाही. म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम करणारी लिनक्सची सोय) रोज सकाळी एलडीइन्फोचं उत्तर मेलवर मागवा, सगळं ठीक असलं तरी. नुसती बिघाडाचीच मेल ठेवली, तर ती न येण्याचे दोन अर्थ निघतात: सगळं ठीक आहे, किंवा मेलच बंद पडलीय.

सेंटओएस 7 ला मिळणारे अपडेट 30 जून 2024 ला संपलेत. तरी सरळ पुढची आवृत्ती चढवू नका. सेंटओएस ज्यावर बेतलंय त्या लिनक्सच्या कंपनीने, रेड हॅटने, आवृत्ती 8 पासून बऱ्याच जुन्या मेगारेड कार्डांची ओळख ड्रायव्हरमधून काढली आहे. कार्ड न दिसल्यास डिस्कही दिसणार नाहीत. नवा सर्व्हर येईपर्यंत, कार्डच गेलं तर हाताशी असावं म्हणून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुठूनही एक जुनं 9260 आणून ठेवा. ते बसवल्यावर स्क्रीनवर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असं येईल. म्हणजे डिस्कवरची रेडची मांडणी नव्या कार्डाला परकी वाटतेय. तिथे 'इम्पोर्ट' करायचं. ती मांडणी पुसणाऱ्या 'क्लिअर'ला हातही लावायचा नाही, पोराने कितीही सांगितलं तरी.