कापडी पिशवी कितव्या वापराला पर्यावरणपूरक होते?

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच धाटणीची आहेत : 'प्लास्टिक सोडायचंय, त्याऐवजी काय घेऊ?' या प्रश्नामागची कळकळ मला मनापासून आवडते. पण वस्तू सुचवण्याआधी मी नेहमी दोन गोष्टी विचारते. ती किती वेळा वापरली जाणार आणि वापरून संपल्यावर कुठे जाणार? वेष्टनावर हिरवं पान छापलंय की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी बराच नंतरचा आहे.

प्रश्न : प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायच्या म्हणून कापडी पिशव्या जमवत गेले. आता घरात सतरा पिशव्या आहेत आणि तरीही बाहेर पडल्यावर नेमकी एकही हाताशी नसते. आता सेंद्रिय कापसाच्या दोन-चार चांगल्या पिशव्या घ्याव्यात असं वाटतंय. कोणत्या घेऊ?

एकही घेऊ नका. तुमच्या सतरा पिशव्यांनी अजून स्वतःचाच खर्च फेडलेला नाही.

हा खर्च म्हणजे कापूस पिकवण्यापासून पिशवी शिवण्यापर्यंत लागलेलं पाणी, खत, वीज आणि जमीन. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 2018 साली वेगवेगळ्या पिशव्यांचा असा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. त्यात निव्वळ हवामानावरचा परिणाम धरला, तर साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी निदान 52 वेळा वापरावी लागते, असं निघालं. सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी हाच आकडा 149 होता. त्याचं एक कारण म्हणजे सेंद्रिय शेतीत उतारा कमी पडतो आणि तेवढ्याच कापसाला जमीन जास्त लागते. पाणी, ओझोनच्या थराची झीज वगैरे सगळेच निकष लावले, तर आकडे हजारांत जातात. यावरून प्लास्टिकची पिशवी बरी, असा अर्थ मात्र काढू नका. वाऱ्यानं उडून नदीत, समुद्रात गेलेली पिशवी तिथे काय करते, ते या हिशेबात धरलेलं नाही आणि माझ्या मते तिचा खरा गुन्हा तोच आहे.

आता तुमचं गणित. आठवड्याला एक खेप धरली, तर एका पिशवीचे 52 वापर वर्षभरात होतात. सतरा पिशव्या आळीपाळीनं वापरल्या, तर प्रत्येकीला तिथवर पोचायला सतरा वर्षं लागतील. म्हणून त्यातल्या दोन धडधाकट पिशव्या निवडा. एक घडी करून रोजच्या पर्समध्ये ठेवा, दुसरी दाराच्या कडीला अडकवा. सामान रिकामं झालं की तिथल्या तिथे पिशवी परत कडीला लागली पाहिजे. पिशवी हाताशी नसते, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की ती कपाटात जाते.

कापडी पिशवी पहिल्यांदा फाटते ती बंद जिथे जोडलेला असतो तिथे. तिथली शिवण बघा. नुसती आडवी टीप असेल, तर फाटायच्या आधीच चौकोन करून त्यात फुलीसारखी दुहेरी टीप मारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि पिशवी वर्षानुवर्षं टिकते. उरलेल्या पिशव्या ज्यांच्याकडे नाहीत त्यांना द्या.

प्रश्न : बांबूचा टूथब्रश घ्यावा का? आणि मी नुकताच घेतलेला बॅटरीवरचा ब्रश आता टाकून द्यावा का?

बॅटरीचा ब्रश बंद पडेपर्यंत वापरा, फक्त त्याचं डोकं बदलत राहा. तो बनवताना जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय.

पुढच्या खेपेला मात्र साधा ब्रश बघा. ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये 2020 साली चार प्रकारच्या ब्रशांची तुलना प्रसिद्ध झाली. बॅटरीचा ब्रश त्यात पर्यावरणाला सगळ्यांत जड ठरला. बांबूचा ब्रश आणि डोकं बदलता येणारा प्लास्टिकचा साधा ब्रश हे दोन्ही हलके ठरले. म्हणजे बांबूच हवा असं नाही. दांडा तोच ठेवून फक्त डोकं बदलणारा ब्रश मिळत असेल, तर मी तोही आनंदानं सुचवीन.

बांबूचा घेतलात, तर एक लक्षात ठेवा. दांडा बांबूचा असला तरी केस बहुधा नायलॉनचेच असतात आणि केसांचा प्रत्येक झुबका धातूच्या चिमुकल्या पट्टीनं आत ठोकलेला असतो. अख्खा ब्रश मातीत पुरलात, तर दांडा कुजेल आणि केस तसेच राहतील. जुना ब्रश घ्या, पकडीनं एकेक झुबका धरून ओढा. केसांबरोबर ती पट्टीही बाहेर येते. केस कचऱ्यात जातील, दांडा कुंडीत रोपाला टेकू म्हणून चालेल. वापरात असताना ब्रश कपात उभा करून त्यात पाणी साचू देऊ नका. बांबूचं बूड काळं पडतं, बुरशी धरते आणि मग चांगला ब्रश महिन्याभरात फेकावा लागतो.

प्रश्न : घरच्या कार्यक्रमासाठी 'कंपोस्टेबल' लिहिलेले चमचे आणि पेले आणले होते. नंतर ते घरच्या खताच्या डब्यात टाकले. आठ महिने झाले, अजून जसेच्या तसे आहेत. फसवणूक झाली का?

बहुधा फसवणूक नाही, पण अर्धंच सांगितलं गेलं. मी स्वतः असाच एक चमचा खताच्या कुंडीत टाकला होता. वर्षभरानं माती उपसली तेव्हा तो धुऊन परत वापरता आला असता, इतका शाबूत होता.

असे चमचे बहुतेकदा पीएलए नावाच्या पदार्थाचे असतात. मका किंवा उसाच्या साखरेपासून तो करतात, त्यामुळे ऐकायला एकदम नैसर्गिक वाटतो. पण तो मोडायला उष्णता लागते, आणि तीही सतत. युरोपच्या ईएन 13432 या मानकानुसार 'कंपोस्टेबल' वस्तूचे 12 आठवड्यांत बारीक तुकडे व्हावे लागतात आणि सहा महिन्यांत तिचा 90 टक्के भाग जिरावा लागतो. ही परीक्षा असते मोठ्या खत प्रकल्पातली, साधारण 58 अंश सेल्सिअसच्या आसपास. घरच्या डब्यात हात घालून बघा, कोमट लागेल फार तर. तिथे तो चमचा प्लास्टिकसारखाच पडून राहणार.

म्हणून वेष्टनावर 'घरी कंपोस्ट होणारं' असं स्पष्ट प्रमाणित केलेलं आहे का, ते बघा. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलं असेल, तर माझ्या मते त्या शब्दाला काहीच किंमत देऊ नये. किती दिवसांत आणि कुठे, हे सांगितल्याशिवाय तो शब्द पोकळ आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पिशव्या तीन वर्षं मातीत आणि समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. 2019 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की 'बायोडिग्रेडेबल' म्हणवणारी पिशवी तीन वर्षांनंतरही सामान पेलत होती. 'ऑक्सो' प्रकारचं, म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं प्लास्टिक तर त्याहून वाईट, कारण ते जिरत नाही, नुसतं भुगा होऊन पसरतं. युरोपीय संघानं त्यावर 2021 पासून बंदी घातली आहे.

तुमच्या त्या चमच्यांचं आता काय? मोठा खत प्रकल्प ते घेत असेल तर तिकडे द्या, नाही तर धुऊन पुन्हा वापरा. प्लास्टिकच्या बाटल्यांच्या पुनर्वापराच्या पोत्यात मात्र मिसळू नका, त्यानं तो मालही बिघडतो. आणि पुढच्या कार्यक्रमाला शेजारपाजारच्या चार घरांतून स्टीलचे चमचे गोळा करा. धुवायला माणसं लागतील हे खरं, पण इतकी चांगली दुसरी सोय मला माहीत नाही.

प्रश्न : बांबूचा प्रवासी कप गरम पेयासाठी चालतो ना?

कपाच्या बुडाशी काय लिहिलंय ते आधी वाचा. असे बरेच कप म्हणजे बांबूची भुकटी मेलामाइनच्या राळेत कालवून साच्यात घातलेली असते. म्हणजे प्लास्टिकच, फक्त बांबूच्या रंगाचं. जर्मनीच्या बीएफआर या जोखीम मूल्यमापन संस्थेनं इशारा दिला, की अशा काही भांड्यांत गरम पदार्थ घातले की मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड जास्त प्रमाणात सुटतं. असा कप घरात असेल, तर पेन ठेवायला वापरा. गरम पेयासाठी स्टील, काच किंवा चिनी मातीचा कप.

प्रश्न : सॅनिटरी पॅडचा कचरा बघून जीव कासावीस होतो. मेन्स्ट्रुअल कप घ्यावा असं मनात आहे, पण भीती वाटते.

भीती वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात कमीपणा मानू नका. नुसत्या हिशेबानं पाहिलं, तर या सदरात मी सुचवत असलेल्या वस्तूंमध्ये कपाइतकी फायद्याची दुसरी नाही. पाळीत योनीत बसवायचा, रक्त गोळा करणारा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा एक कप नीट जपला, तर दहा वर्षांपर्यंत चालू शकतो.

लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात 2019 साली 43 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. गळतीच्या बाबतीत कप इतर साधनांइतकाच किंवा त्याहून चांगला निघाला. सवय झाल्यावर सुमारे 70 टक्के जणींना तोच पुढे वापरायचा होता. पण 'सवय झाल्यावर' हे शब्द विसरू नका. दोन-तीन पाळ्या शिकण्यात जातात. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, घरी, घाई नसताना करून बघा. काढताना देठ धरून ओढायचा नसतो, हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही आणि मग दुखतं. बोटांनी कपाचा तळ चिमटायचा, आतली हवेची पकड सुटू द्यायची आणि मग अलगद बाहेर घ्यायचा.

हात स्वच्छ धुवा, बारा तासांच्या आत रिकामा करा, दोन पाळ्यांच्या मध्ये पाण्यात उकळून घ्या. तांबी बसवलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, कप ओढताना ती सरकण्याचा धोका असतो. आणि जमलंच नाही, तर धुऊन वापरायचे कापडी पॅड आहेत. ते आधी गार पाण्यात भिजवायचे, कारण गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो, आणि उन्हात खडखडीत वाळवायचे.

प्रश्न : घर साफ करायला बाजारातली रसायनं बंद करून मी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ठेवते. बरोबर आहे ना?

दोन्ही चांगले आहेत, पण वेगवेगळे. एकत्र केले की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. फेस छान येतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि फेस बसल्यावर बाटलीत उरतं ते जवळजवळ खारट पाणी. फेस येतोय म्हणजे साफ होतंय, ही समजूत मनातून काढून टाका.

नळाच्या तोटीवर जमलेला पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवा, थर मऊ पडून निघून येतो. संगमरवराला मात्र व्हिनेगर लावू नका. तोही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, त्याची चकाकी जाते. सोडा चिकट, तेलकट भांड्यांवर ओल्या फडक्यानं घासायला उत्तम.

एक गोष्ट हात जोडून सांगते : ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नकोत. 'घरगुती' म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं.

कपड्यांसाठी फॉस्फेट नसलेली पावडर घ्या, कारण फॉस्फेटनं तळी-नद्यांत शेवाळ माजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. पाणी गार ठेवा. मशीन गरम पाण्यावर लावलं, की धुण्याच्या विजेतला मोठा वाटा पाणी तापवण्यातच जातो. अंगाला आणि हाताला साबणाची वडी. द्रव साबण म्हणजे बरंचसं पाणीच, शिवाय त्याच्या पंपात प्लास्टिकबरोबर धातूची स्प्रिंग असते, त्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड होतो.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांचा आहे. स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे सगळे डबे काढून काचेच्या बरण्या आणू या, असं मी घरी म्हणतोय. आई अजिबात ऐकत नाही. तिला कसं समजावू?

अरे, या बाबतीत आईचं बरोबर आहे. तुझी तळमळ खरी आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगते.

ते डबे तयार होऊन गेलेत. तू ते आज फेकलेस, तर कचरा आजच होईल आणि बरण्या बनवायला भट्टी वेगळी पेटेल. 'टाकले की त्यांचं पुन्हा काहीतरी होईल' यावर विसंबू नकोस. 2015 पर्यंत जगात जमलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता, असा हिशेब 2017 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडला. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात जो 1 ते 7 मधला आकडा असतो, तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. त्या डब्याचा पुनर्वापर होईलच, असं वचन त्यात नसतं.

एक बदल मात्र आईला नक्की सुचव : गरम अन्न प्लास्टिकच्या डब्यात भरायचं नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये तो डबा ठेवायचा नाही. त्यासाठी घरात आहेत तीच काचेची आणि स्टीलची भांडी वापरा. प्लास्टिकच्या डब्यांत कोरडं सामान राहू दे. एखाद्याचं झाकण तडकलं, की तो खिळे-स्क्रू ठेवायला घे आणि त्या एकाच डब्याच्या जागी स्टीलचा आणायला आईबरोबर तूही जा.