हाव सुटली की चकवा लागला?

देसाईगंजजवळच्या एका गावातल्या तरुण लेखकानं विचारलं आहे: "मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकासाठी शेक्सपिअरच्या मॅकबेथची गोष्ट झाडीबोलीत, आपल्या पूर्व विदर्भातल्या बोलीत, बसवतो आहे. 'त्याले चेटकिनीनं झपाटलं' असं वाक्य लिहिलं. मंडळातले जुने नट म्हणतात, 'झपाटलं नोको, चकवा लागला म्हन.' बरोबर काय?"

जुने नट बरोबर आहेत, पण अर्धेच. चकवा लागतो तो शेवटी. सुरुवातीला तिसरंच क्रियापद हवं.

आधी 'झपाटणे'. भुतानं झपाटलं म्हटलं की माणसाची स्वतःची इच्छा संपली. तो भुताच्या तोंडानं बोलतो, उतरवल्यावर त्याला काही आठवत नाही, आणि गावही त्याला दोष देत नाही. मॅकबेथचं तसं आहे का? मॅकबेथ राजाचा सरदार. वाटेत भेटलेल्या त्या तिघी चेटकिणी त्याला 'तू राजा होशील' एवढंच सांगतात. 'राजा डंकनला मार' हे एकीच्याही तोंडून निघत नाही. शेजारी त्याचा सोबती सरदार बँको उभा आहे. तुझ्या वंशात राजे होतील, हे त्यालाही सांगितलं जातं. तो मात्र सावध होतो. काळोखातली ही माणसं लहान गोष्टीत खरं बोलून मोठ्या गोष्टीत घात करतात, असं म्हणतो. दचकतो तो मॅकबेथ. इतकं चांगलं भविष्य ऐकून दचकायचं काहून? हे बँकोच त्याला विचारतो. पुढं खुनाआधी मॅकबेथ स्वतःशी मोजतो: डंकन आपला नातलग, आपला राजा, आज आपल्या घरचा पाहुणा. झपाटलेला माणूस असा हिशेब मांडत नाही.

म्हणून पहिल्या प्रवेशांत मी 'हाव सुटली' असं लिहीन. बाहेरून येऊन चिकटतं ते आपल्याकडं 'लागतं': भूत लागतं, दृष्ट लागते, नाद लागतो. (भूक-तहानही लागते, मान्य, पण बोलणारा तीही अंगावर चालून आल्यासारखीच सांगतो.) हाव मात्र सुटते, जसा घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, गाईला पान्हा सुटतो. वासराच्या ढुशीनं पान्हा सुटतो खरा, पण दूध गाईच्याच सडात असतं. तिघींचं बोलणं ही ती ढुशी आहे. 'महत्त्वाकांक्षा' हा शब्द पुस्तकात शोभतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकात, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला 'हाव' लगेच कळेल.

आता चकवा. माझा आजा एकदा शेजारच्या गावचं नाटक पाहून रात्री निघाला. अर्ध्या कोसाची वाट, पण तेच मोहाचं झाड त्याला तीनदा भेटलं. तिसऱ्यांदा तो बुंध्याशी बसला आणि फटफटल्यावर उठला, तर आमचा धुरा, शेताचा बांध, समोरच! तो सांगायचा, "वाट चुकली असं वाटतच नाई गा. बरोबर चाललो असंच वाटते." चकव्याचं मर्म हेच, आणि चौथ्या अंकापासून मॅकबेथचं नेमकं हेच होतं. त्याला भविष्य ऐकवलं जातं: बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारू शकणार नाही. बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर, तुझ्या गडावर, चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. तो निर्धास्त होतो. मग शत्रूचे सैनिक त्या रानातल्या फांद्या तोडून, त्या पुढं धरून येतात, आणि त्याला मारायला आलेला मॅकडफ तर आईचं पोट फाडून काढलेला निघतो. शब्द खरे ठरले, वाट खोटी ठरली. इथं 'त्याले चकवा लागला' याला पर्याय नाही.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. 'चेटकीण' शब्द जपून वापरा. या शब्दापायी आपल्या भागात बायकांनी मार खाल्ला आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच झालेला नाही. मुळातही त्या स्वतःला 'वीअर्ड सिस्टर्स' म्हणवतात. वीअर्ड म्हणजे 'विचित्र' हा अर्थ नंतरचा. जुन्या इंग्रजीत तो नियतीचा शब्द होता. आपल्याकडं तंतोतंत असा एक शब्द आहे. सटीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी ती सटवाई. तिचंच नाव पुढं 'सटवी' म्हणून बायकांना द्यायची शिवी झालं. दोन्ही शब्द नियतीवरून घसरले. बँकोच्या तोंडी 'सटवाईच्या बहिनी' घालून एकदा तालमीत ऐकून पाहा. समोर सटी पुजलेल्या बाया बसलेल्या असतील. त्या तिघी कोण, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.