बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच सत्रात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी राहिलं, वॉर्डात हात थरथरतात. जीएनएमला जाऊ का? पुढची वर्षं कशी काढू?

तू लिहिलंयस की गाव शहादा तालुक्यात, कॉलेज धुळ्याला, दहावीपर्यंत सगळं मराठीतून. धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत बोलते. मी अमळनेर तालुक्यातली, घरात अहिराणी. बी.एस्सी. नर्सिंग केलं तेव्हा वार्षिक परीक्षा होत्या, आता सत्रं आहेत. सध्या सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला आहे आणि तुझ्यासारख्या मुली पोस्टिंगला माझ्याकडेच येतात.

आधी जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं. पेपर राहिला एवढ्यासाठी तिकडे जाऊ नकोस. जीएनएमच्या पहिल्या वर्षातही बायोसायन्सेस या नावाखाली अ‍ॅनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिऑलॉजी (शरीराचं काम) आहेच. ते तीन वर्षांचं करून पुढे पदवी हवीशी वाटली, तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षं. म्हणजे बी.एस्सी.च्या चार वर्षांची पाच झाली आणि हाच विषय पुन्हा समोर. घरची अडचण असेल, फी झेपत नसेल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर सांग, त्यावर वेगळं बोलू.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुली पुस्तक होस्टेलवर ठेवतात आणि वॉर्डात फक्त कामं उरकतात. सकाळी टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बेड मेकिंग, सिस्टर सांगतील ते. संध्याकाळी पाठांतर. दोन्हींची गाठ पडतच नाही. मग हृदयाचे चार कप्पे पाठ होतात आणि परीक्षेत विसरतात, कारण ते कुणाचे कप्पे आहेत हेच माहीत नसतं. माझं सांगणं एकच आहे: रोज एक पेशंट धर आणि रात्री त्याच्याच शरीराचं पुस्तक वाच.

कसं ते सांगते. समज, तुझ्या वॉर्डात एक बाबा आहेत, दोन्ही पाय सुजलेले, धाप लागते. विचारलंस तर म्हणतील, ‘रातले दोन उश्या लागतस.’ हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरव. रात्री हृदयाचं प्रकरण उघड. रक्त पुढे ढकलायला हृदय कमी पडतं, मागे शिरांमध्ये दाब वाढतो, पाणी झिरपून बाहेर येतं आणि पायात साठतं. बोटाने दाबलं की खड्डा पडतो. आडवं झालं की पायातलं रक्त छातीकडे परततं, फुप्फुसात दाटी होते, म्हणून त्यांना दोन उश्या लागतात. पुस्तकात याला ऑर्थोप्निया म्हणतात. आता सांग, त्यांच्या कॉटची डोक्याकडची बाजू वर का ठेवली होती? सिस्टर रोज सकाळी वजन का घेत होत्या? साधारण एक लिटर पाणी अंगात साठलं की एक किलो वजन वाढतं. लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध सकाळी का दिलं? रात्री दिलं तर म्हातारा माणूस लघवीसाठी चार वेळा उठेल आणि अंधारात पडेल. किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं याचा इनटेक-आउटपुट चार्ट का? पोटॅशियमचा रिपोर्ट का मागवला? कारण या औषधाने लघवीवाटे पोटॅशियमही जातं.

एका बाबांवर अ‍ॅनाटॉमी झाली, फिजिऑलॉजी झाली, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात येणारं फार्माकोलॉजी (औषधं), पॅथॉलॉजी (रोगांचं शास्त्र), अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग यांचीही तोंडओळख झाली. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल मॅडम बहुतेक वेळा ‘का’ हाच प्रश्न विचारतात. केअर प्लॅनमध्ये रॅशनलचा, म्हणजे कारणाचा, रकाना असतो तो याच ‘का’साठी. सिनियरच्या जर्नलमधून तो उतरवून काढलास तर फाइल पूर्ण होईल, पण त्या बाबांचं नाव विचारलं तरी तुला सांगता येणार नाही.

वहीची पद्धत माझी स्वतःची आहे, आवडली तर घे. डाव्या पानावर पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच भाषेत, उजव्या पानावर पुस्तकातला शब्द. डावीकडे ‘दम लागस’, उजवीकडे डिस्प्निया. डावीकडे ‘पाय सुजी गयात’, उजवीकडे एडीमा. ‘जीव घाबरस’ याला उजवीकडे एक शब्द नाही. धडधड असेल, साखर उतरली असेल, भीती असेल, म्हणून तिथे पुढे कोणते प्रश्न विचारायचे तेच लिही. ‘अंगावरून जातं’ म्हणाली तर लाल की पांढरं, हे बाजूला नेऊन हळू आवाजात विचार. तुला इंग्रजीची धास्ती आहे, ती या दोन पानांनी कमी होते, कारण प्रत्येक इंग्रजी शब्दामागे एक चेहरा येतो.

आणि अहिराणी येते म्हणून मागे पडलीस असं कधी मनात आणू नकोस. मुंबईहून बदलून आलेल्या डॉक्टरांना जे कळत नाही ते पेशंट तुला सांगतो. ‘कसं शे मावशी?’ एवढं विचारलं तरी बाई मोकळी होते. धडगाव, अक्कलकुव्याकडचे पेशंट पावरी किंवा भिली बोलतील. समजलं नाही तर समजल्यासारखी मान हलवू नकोस, सोबतच्या मोठ्या माणसाला मध्ये घे. बाईच्या तक्रारीसाठी तिच्या लहान मुलाला दुभाषा करू नकोस.

नंदुरबारकडचा तरुण पेशंट सांधे, पाठ, छाती दुखते म्हणून कळवळत आला, तर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा विचार मनात असू दे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही म्हणून त्या वेदना. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला की त्रास उफाळतो. अशा पेशंटला ‘नाटक करतो’ म्हणताना मी ऐकलंय. तू तसं कधी म्हणू नकोस. त्याचं दुखणं किती आहे हे तो सांगेल तेवढं आहे असं धरून चाल आणि सिस्टरला लगेच सांग. रक्ताचं प्रकरण वाचायला याहून चांगलं कारण मिळणार नाही.

आता हात थरथरण्याबद्दल. पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली, ती तुला सांगते. पोस्टिंगला तीस पेशंटचा टीपीआर होता. नाडी मी मोजली, ताप घेतला, पण श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट जातं म्हणून सगळ्यांपुढे २० लिहीत गेले. त्यांतल्या एका आजोबांचा श्वास तेव्हा तीसच्या पुढे होता. इनचार्ज सिस्टरांनी राउंडला बघितलं, चार्ट बघितला आणि मला त्यांच्या कॉटशी उभं करून घड्याळ लावून मोजायला लावलं. ओरडल्या नाहीत. आजोबांना ऑक्सिजन लागला, ते सावरले. पण तो मोजलेला एक मिनिट मी विसरलेली नाही. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, आणि बिघाडाची पहिली खूण कित्येकदा तिथेच दिसते. मनगट धरून नाडी मोजतेय असं भासव आणि छातीकडे बघ, कारण मोजताय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. जे मोजलं नाही ते लिहू नकोस. रकाना रिकामा राहिला तर बोलणी बसतील, बसू देत.

थरथर सवयीने जाते. डेमो झाला की त्याच दिवशी लॅबमध्ये रिडेमो कर, म्हणजे तेच स्वतः करून बघ, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) पाच वेळा. वॉर्डात पहिल्यांदा करताना सिस्टरना स्पष्ट सांग, ‘मी हे पहिल्यांदाच करतेय, जवळ थांबाल का?’ यात लाज नाही. चुकलंच काही, तर त्याच क्षणी सांग. दडवलेल्या चुकीची किंमत पेशंट मोजतो.

सुई टोचली तरी तेच. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धू, दाबून रक्त काढू नकोस, आणि लगेच कळव. एचआयव्हीपासून बचावाचं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांपलीकडे त्याचा उपयोग होत नाही. मॅडम रागावतील म्हणून होस्टेलवर रडत बसलेली मुलगी मी पाहिलीय. त्यात मोलाचे तास जातात.

गणिताची भीती असेल तर ती आत्ताच काढ, पुढे बालविभागात फार जड जाते. सलाइनच्या साध्या सेटमधून २० थेंब म्हणजे एक मिली असेल, तर ५०० मिलीची बाटली चार तासांत: ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा असतो, तो आधी वाच. सिरपचंही तसंच. १५० मिलीग्रॅम द्यायचं आहे आणि ५ मिलीत १२५ आहे, तर ६ मिली. रोज दोन उदाहरणं कर आणि मैत्रिणीकडून तपासून घे.

नियमांचं थोडक्यात. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींना ८० टक्के हजेरी हवीच, आणि पदवी हातात पडायच्या आधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. कानबाईच्या सणाला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी जाशीलच, जावंही, फक्त बुडलेली पोस्टिंग कधी भरून काढायची ते निघण्याआधी मॅडमशी बोलून ठेव. नर्सिंग फाउंडेशनची पहिल्या सत्राची परीक्षा कॉलेज घेतं, पण ते गुण पुढे धरले जातात, ते हलकं समजू नकोस. राहिलेल्या पेपरच्या फॉर्मची तारीख ऑफिसात स्वतः जाऊन विचार, मैत्रिणीच्या भरवशावर राहू नकोस. तुमची परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, जळगावच्या विद्यापीठाचं वेळापत्रक बघून काही मुली घोळ करून घेतात.

पाचव्या सत्रात मुलं, मानसिक आरोग्य आणि कम्युनिटी येतं, सहाव्यापासून बाळंतपण, आणि आठवं सत्र सगळं इंटर्नशिपचं. ते त्या त्या वेळी बघू. आत्ता हाताशी फक्त राहिलेला पेपर आणि चालू सत्र आहे. उद्याच्या ड्यूटीला एक पेशंट निवड, रात्री दोन पानं लिही, आणि काय लिहिलंस ते इथेच खाली टाक, पेशंटचं नाव-गाव मात्र कुठेही नको. मी ड्यूटीवरून आले की वाचेन.

आणखी एक. हेपॅटायटिस बीची लस घेतलीस का? पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. प्रवेशाच्या वेळी पहिला घेतला असशील तर तिसऱ्याची वेळ झालीच असेल. कार्ड काढून तारीख बघ.