मालकाची गिरणी

प्रश्न : मी सोलापुरात पिठाची गिरणी चालवतो. परवा माझी मुलगी गल्ल्यापाशी बसून मोठ्यानं वाचत होती, की मध्ययुगात युरोपातल्या भूदासांना, म्हणजे जहागीरदाराच्या जमिनीला बांधलेल्या कुळांना, त्याच्याच गिरणीत दळावं लागे, घरी जातं ठेवायला बंदी होती. गिऱ्हाईक बांधून घ्यायची ही पद्धत खरी का? ते लोक रोज खायचे काय, कामाला किती जायचे, तेही सांगा.

उत्तर : मालक, मुलीनं वाचलं ते खरं आहे. (सोलापूरकराला मालक नाही तर काय म्हणू? आपल्याकडे चहावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो आणि गिऱ्हाईक चहावाल्याला. भूदासाच्या गावात मालक एकच असायचा.)

मी इंग्लंडापुरतं बोलतो, कारण तिथल्या जहागिरींची दप्तरं चांगली टिकली आहेत. १०८६ साली विल्यम राजानं देशाची मोजदाद करवली, तीत सुमारे सहा हजार गिरण्या निघाल्या. बहुतेक पाण्यावरच्या. पाट काढायचा, चाक बसवायचं, दगडांना टाकी लावायची, हा खर्च जहागीरदाराचा. तो वसूल व्हायचा तर गावाचं सगळं दळण तिथंच यायला हवं, म्हणून सक्ती. दळणावळ धान्यातच कापून घेत. दक्षिणेत साधारण सोळा ते चोवीस मापांमागे एक माप, उत्तरेत कुठे कुठे तेरामागेच एक. वर माप भरताना गिरणीवाल्याचा हात कसा चालायचा, यावर तिथल्या लोकांच्या चेष्टा ठरलेल्या. तुम्ही रागावू नका. लाइट गेली की तुमच्याकडे डबे रांगेत राहतात, तसं तिथं उन्हाळ्यात ओढा आटला की दळण अडायचं. घरच्या जात्याला ना ओढा लागतो ना दळणावळ, म्हणून जातं लपवून ठेवायचं आणि सापडलं की दंड भरायचा.

सेंट अल्बन्सच्या मठात तर कमाल झाली. १३२७ ते १३३६ या काळात तिथं रिचर्ड नावाचे मठाधिपती होते. माणूस मोठा विद्वान, ग्रहगती दाखवणारं घड्याळ त्यांनी स्वतः आखलेलं. पण जात्यांच्या बाबतीत हट्टी. लोकांच्या घरातली जाती त्यांनी जप्त केली आणि त्यांचे दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. म्हणजे कुणी तिथं गाऱ्हाणं घेऊन गेला, तर आपल्याच आईच्या जात्यावर उभा राहून बोलणार! जवळजवळ पन्नास वर्षांनी, १३८१ च्या शेतकरी बंडात, लोक मठात घुसले, ती फरशी उखडली, दगड फोडले आणि प्रसाद वाटावा तसे तुकडे आपसांत वाटून घेतले. हे लिहून ठेवलंय त्याच मठातल्या एका साधूनं, तेही संतापून. माझ्या आजीचं जातं आज आमच्या अंगणात तुळशीपाशी पडून आहे. ती असती तर तिला ही हकीकत सांगायला आवडलं असतं.

आता कामाचं. साधारण तीस एकर कसणाऱ्या भूदासाच्या घरातून आठवड्याला दोन-तीन दिवस एक माणूस मालकाच्या शेतावर जायचा. ही वेठ जमिनीवर बसवलेली असे, त्यामुळे बापानं पोराला किंवा गड्याला पाठवलं तरी चाले. खरा त्रास सुगीला. आपलं पीक उभं असताना आधी मालकाचं कापायचं. त्या दिवशी जेवण मालकाकडचं असे, आपल्या इर्जिकीसारखं, पण इर्जिकीला नाही म्हणता येतं. काही गावांत तर त्या वेठीची नावंच वेगळी होती, एक बिअर मिळणारी आणि एक नुसत्या पाण्यावरची. कुठली कुणाला नको असेल, सांगायला नको.

खाणं आपल्याला ओळखीचं वाटेल. जव किंवा राय यांची जाडीभरडी भाकरी (गहू पिकवला तरी बराचसा विकायला), वाटाणे-घेवडे आणि पालेभाजी घालून दिवसभर चुलीवर शिजणारं कालवण, आणि जवाची पातळ बिअर. घराला धुराडं नाही. मधोमध चूल, धूर छपरातून वाट काढेल तसा, आणि बऱ्याच ठिकाणी एका टोकाला गुरं. पिकाचा हिशेब मात्र आपल्याला चक्रावून टाकतो. गव्हाचं एक पोतं पेरलं की चारेक पोती यायची. त्यातलं एक बियाण्याला, दहावा हिस्सा चर्चला. एकरी चार किलो मालदांडी पेरून क्विंटलांनी ज्वारी मोजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे खोटंच वाटेल. सुगीनंतर गरिबाघरच्या बायका सरवा वेचायच्या. तिथंही नियम होता की ज्याला मजुरीनं कापणी करता येते त्यानं सरव्याला यायचं नाही. माणूस मेला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर मालक नेणार आणि दुसऱ्या नंबरचं बहुतेक वेळा पाद्री.

प्रश्न : भूदासाच्या नवरीवर पहिल्या रात्री जहागीरदाराचा हक्क असे, असं सिनेमात दाखवतात. खरं का?

उत्तर : असा कायदा होता याचा भरवशाचा पुरावा नाही. पोरीच्या लग्नाला मालकाची परवानगी लागे आणि त्यासाठी पैसे भरावे लागत, एवढं मात्र पक्कं.

प्रश्न : आपल्याकडेही तेव्हा असेच भूदास होते का?

उत्तर : तसेच्या तसे नाही. दख्खनमध्ये पडीक जमीन भरपूर आणि कसणारे हात कमी. जाच वाढला की कुळं गाव सोडून परागंदा व्हायची आणि सरकार सारा सवलतीनं घेण्याचा कौल देऊन त्यांना परत बोलवायचं. इंग्लंडातल्या भूदासाला मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. पळून एखाद्या सनदी शहरात वर्ष आणि एक दिवस काढला, तर बऱ्याच ठिकाणी तो सुटायचा.

पण वेठ आपल्याकडेही होती, आणि ती कुणाच्या वाट्याला यायची हे जातीवर ठरायचं. मी मंगळवेढा तालुक्यातला. सेंट अल्बन्सला दळायची जाती जप्त झाली त्याच दशकात, १३३८ साली, मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा खाली गाडले गेले. त्यांना वेठीला नेलं होतं असं आमच्याकडे सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, समाधी महाद्वारापाशी आहे. त्यांच्याबरोबर जे मजूर गेले, त्यांची नावं मला लहानपणापासून कुणी सांगितलेली नाहीत.